वेशीबाहेरचे नृत्य : पॅरिसची गँगेत आणि पापनाशम् तालुक्यातील भागवतमेळा

फ्रेंच भाषेतील ‘गँगेत’ या शब्दाला मराठीत नेमका प्रतिशब्द सापडत नाही. ‘गुत्ता’ म्हणावे, तर त्यात मद्य येते, पण नृत्य येत नाही. ‘तमाशाचा फड’ म्हणावे, तर तेथे नाचणारे निराळे आणि पाहणारे निराळे असतात. ‘जत्रा’ म्हणावी, तर तिला तिथी लागते आणि देव लागतो. गँगेत ही या तिन्हींच्या सीमेवरची वस्तू होय. पॅरिसच्या वेशीबाहेर, झाडांच्या सावलीत किंवा नदीच्या काठी, लाकडी बाके मांडून स्वस्त मद्य विकणारे आणि रविवारी वाद्ये लावून कोणालाही नाचू देणारे ते उघडे आवार. पॅरिसच्या परिसरात पिकणाऱ्या हलक्या, आंबट मद्याला ‘गँगे’ म्हणत, त्यावरून हा शब्द आला असे सांगतात. अनुवादकाने तो जसाच्या तसा ठेवावा आणि वाचकाला दोन वाक्यांत समजावून द्यावा, हेच श्रेयस्कर. परंतु शब्दाची ही अडचण केवळ कोशाची नाही. ज्या समाजात नृत्य ही काही लोकांनी करावयाची आणि इतरांनी पाहावयाची गोष्ट आहे, त्या समाजाच्या भाषेत सर्वांनी मिळून नाचण्याच्या जागेला नाव नसावे, हे स्वाभाविकच आहे.

या जागांचा उगम मात्र कलेत नव्हे, जकातीत आहे. पॅरिस शहरात येणाऱ्या मद्यावर वेशीवर जकात बसत असे. १७८४ पासून पुढील काही वर्षांत करवसुलीचा मक्ता घेणाऱ्या मंडळींनी शहराभोवती एक भिंतच उभी केली, ती संरक्षणासाठी नव्हे, तर एकही पिंप जकात चुकवून आत जाऊ नये म्हणून. भिंतीच्या पलीकडे अर्थातच मद्य स्वस्त राहिले आणि शहरातील कारागीर, शिवणकाम करणाऱ्या मुली, शिपाई, कारकून रविवारी भिंत ओलांडून बाहेर जाऊ लागले. बेलव्हिलच्या चढावरील कूर्तीय हा भाग या गर्दीसाठी प्रसिद्ध होता. १८६० साली शहराची हद्द वाढली, मोंमार्त्र आणि बेलव्हिल ही खेडी पॅरिसमध्ये सामील झाली, आणि जकातीची रेषाही त्यांच्याबरोबर बाहेर सरकली. तोवर रेल्वे आली होती. १८५९ मध्ये बास्तीयपासून मार्न नदीच्या दिशेने जाणारी गाडी सुरू झाली आणि नोजां, झ्वेनव्हिल येथील नदीकाठ रविवारच्या सहलीच्या टप्प्यात आला. पश्चिमेला सेन नदीवरील शातू, बूजिव्हाल, क्र्वासी ही गावेही तशीच गजबजली.

चित्रकार तेथे पोहोचले ते या दुसऱ्या टप्प्यावर, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. १८६९ च्या उन्हाळ्यात मोने आणि रन्वार या दोघांनी क्र्वासीजवळील ‘ला ग्रनूइयेर’ या तरंगत्या उपाहारगृहासमोर शेजारी शेजारी बसून चित्रे काढली. दोघांच्या चित्रांत माणसे आहेत, पण दोघांचाही जीव पाण्यावर मोडणाऱ्या प्रकाशात गुंतलेला आहे. रन्वारने १८७६ मध्ये मोंमार्त्रच्या टेकडीवरील ‘मूलँ द ला गालेत’ येथील रविवारचे नृत्य रंगविले. १३१ × १७५ सेंटिमीटरचा तो पट पुढील वर्षी दृक्‌प्रत्ययवाद्यांच्या तिसऱ्या प्रदर्शनात मांडला गेला. बाभळीच्या पानांतून गळणारे उन्हाचे कवडसे कपड्यांवर, टोप्यांवर, जमिनीवर विखुरलेले आहेत. नाचणारे आणि बसलेले यांच्यामध्ये रेषा ओढता येत नाही. जो आता बसला आहे तो पुढच्या गतीला उठेल, हे चित्र पाहताच कळते. ते कवडसे त्या काळच्या काही समीक्षकांना डागांसारखे वाटले. रन्वारचा मित्र जॉर्ज रिव्हिएर याने मात्र त्या चित्राला पॅरिसच्या जीवनेतिहासातील दस्तऐवजाची योग्यता दिली. रिव्हिएर स्वतः त्या चित्रात मेजापाशी बसलेला आहे, हे येथे सांगून टाकलेले बरे.

या दस्तऐवजावर किती विसंबावे, हा खरा प्रश्न आहे. मोंमार्त्र १८६० नंतर जकातीच्या आत आले होते, म्हणजे स्वस्त मद्याचे मूळ कारण रन्वारच्या चित्रापूर्वीच सरले होते. मोंमार्त्र ही त्या काळी गरिबांची वस्ती होती. चित्रात दारिद्र्य नाही. नाचणाऱ्यांपैकी कित्येक चित्रकाराचे मित्र आहेत, चित्रकार आणि लेखक. १८८९ मध्ये तूलूझ-लोत्रेकने त्याच जागेचे चित्र काढले, तेव्हा ऊन गेले होते. पुढल्या बाजूला कठड्याशी बसलेल्या स्त्रियांच्या चेहऱ्यावर आनंद नाही, वाट पाहणे आहे. व्हॅन गॉखने १८८६ मध्ये मोंमार्त्रवरील एका गँगेतचे चित्र काढले, त्यात तर नृत्यच नाही. रिकामी मेजे, लाकडी मांडव, पाने गळलेल्या वेली आणि इकडेतिकडे उभी असलेली चार माणसे. तिन्ही चित्रे खरी आहेत, आणि तिन्हींतून एकच गोष्ट निःसंदिग्धपणे हाती लागते: या चित्रकारांना नृत्य आणि जागा ही वेगळी करता येत नव्हती. मांडव, कठडा, दिवा, झाड, गर्दी यांच्यावाचून ते नृत्य त्यांना दिसतच नव्हते.

हाच शतकभराचा काळ घेऊन तंजावरकडे वळले, म्हणजे नेमके उलटे चित्र दिसते. ‘चित्र’ हा शब्द येथे शब्दशः घ्यावा.

तंजावर आणि कुंभकोणम् यांच्या दरम्यान पापनाशम् हा तालुक्याचा गाव आहे. भाताच्या शेतांचा, कावेरीच्या फाट्यांचा हा मुलूख. गावालगतच्या तिरुप्पालैत्तुरै येथील पालैवननाथाच्या देवळात नायक राजांनी १६०० ते १६३४ च्या दरम्यान बांधलेले विटांचे प्रचंड गोल धान्यकोठार आजही उभे आहे. या तालुक्यातील मेलट्टूर, शालियमंगलम्, शूलमंगलम् या गावांत ‘भागवतमेळा’ नावाची नृत्यनाट्याची परंपरा नांदत आली. मेलट्टूरचा मेळा त्यांत विशेष प्रसिद्ध. नृसिंहजयंतीच्या सुमारास, वैशाखातल्या उकाड्यात, वरदराज पेरुमाळाच्या देवळासमोर भररस्त्यात मांडव घालतात. देवाची उत्सवमूर्ती बाहेर आणून रंगभूमीकडे तोंड करून बसवितात. मधल्या जागेत गाव बसतो. रात्र चढल्यावर उंच टोपी घातलेला कोणंगी नाचत येतो, मग तोडयमंगल होते, मग गजमुखाचा मुखवटा धारण केलेला एक लहान मुलगा गणपती होऊन येतो, आणि त्यानंतर धरलेल्या पडद्यामागून एकेक पात्र आपले प्रवेशाचे ‘दरू’ गात प्रकट होते. सर्व भूमिका पुरुषच करतात. भाषा तेलुगू, संगीत कर्नाटकी, भोवतालचा गाव तामिळ. ‘प्रल्हादचरित्र’ असेल त्या दिवशी नाटक पहाटेपर्यंत चालते. नृसिंहाचा मुखवटा एरवी देवळात पूजेला असतो. तो धारण करणारा मनुष्य उपोषित असतो, आणि स्तंभातून प्रकटल्यावर त्याला आवरण्यासाठी इतरांना धरून ठेवावे लागते.

मराठी वाचकाला या वर्णनात पुष्कळ ओळखीचे वाटेल. आधी विदूषकसदृश पात्र, मग गणपती, मग पडद्याआडून पात्रप्रवेश, हा क्रम कोकणच्या दशावतारालाही नवखा नाही. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले, त्यामागे कर्नाटकातील कर्की गावच्या भागवत मंडळींच्या खेळाची प्रेरणा होती, हे मराठी नाट्येतिहासात सर्वमान्य आहे. ‘भागवत’ हा शब्दच दोहोंकडे समान आहे. कर्कीची मंडळी आणि मेलट्टूरची मंडळी यांचा प्रत्यक्ष संबंध जोडण्याची गरज नाही. दक्षिणेत दूरवर पसरलेल्या एकाच नाट्यप्रकाराच्या त्या दोन शाखा आहेत, एवढे पुरे. मात्र सांगलीच्या शाखेला लवकरच तिकीट, पडदा आणि नाटकगृह लाभले. मेलट्टूरची शाखा रस्त्यावर राहिली.

या मेळ्याचाही उगम कलेपूर्वी करात आहे, आणि येथे पॅरिसशी तुलना खरोखर उद्बोधक ठरते. परंपरा अशी सांगते की, सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात अच्युतप्पा नायकाने आंध्रातून आलेल्या पाचशेहून अधिक ब्राह्मण कुटुंबांना या ठिकाणी घर, विहीर आणि जमीन दान दिली, आणि गावाला ‘अच्युताब्धि’ असे नाव पडले. जकात चुकविण्यासाठी पॅरिसचा कामकरी भिंतीबाहेर गेला. इकडे राजाने दिलेल्या इनामाने शास्त्री-भागवतांना वर्षभराच्या भाताची विवंचना उरली नाही. एका ठिकाणी करातून पळवाट, दुसऱ्या ठिकाणी करातून सूट. दोन्हींतून एक मोकळी जागा निर्माण झाली आणि त्या जागेत नृत्य आले. फरक आहे तो असा की, पॅरिसला ती मोकळीक आठवड्यातून एक दिवस, पण कोणालाही मिळे. मेलट्टूरला ती बारा महिने होती, पण ठरावीक कुळांनाच. पाहण्यास सारा गाव, नाचण्यास मोजकी घराणी. ही मर्यादा लपविण्याचे कारण नाही. गँगेतही, रन्वार दाखवितो तेवढी, निर्मळ नव्हती.

एकोजीने १६७६ च्या सुमारास तंजावर घेतले, आणि १८५५ मध्ये दुसऱ्या शिवाजीच्या निधनानंतर इंग्रजांनी ते घराणे खालसा केले. या पावणेदोनशे वर्षांत तेथे जे नाट्य-नृत्य-वाङ्मय निर्माण झाले, त्यात मराठीचा वाटा मोठा आहे, आणि त्यातील बरेचसे उघड्यावर सादर होण्याजोगे आहे. शहाजी राजा (१६८४–१७१२) याने तेलुगूत ‘पल्लकी सेवा प्रबंध’ रचला. त्याचे मराठी ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ हे तर सांगलीच्या प्रयोगापूर्वी दीडशे वर्षांचे नाटक होय. दुसऱ्या सरफोजीने (१७९८–१८३२) नर्तकींसाठी मराठी निरूपणे रचली. ‘जयजय’पासून ‘मंगल’पर्यंत अठरा अंगांची ती मांडणी आहे, शब्द, वर्ण, पद, तिल्लाना हे सारे एकाच कथासूत्रात आणि एकाच मराठी भाषेत ओवलेले. त्याच सरफोजीच्या ‘देवेंद्र कुरवंजी’त तर भविष्य सांगणारी कुरवंजीण पृथ्वीवरील खंडांचा आणि देशांचा भूगोल मराठी पदांतून गाते. सरफोजीलाच नायक कल्पून तामिळमध्ये कोट्टैयूर शिवक्कोळुंदु देशिकर यांनी रचलेली ‘सरभेंद्र भूपाल कुरवंजी’ बृहदीश्वराच्या विशाल प्रांगणातील उघड्या चौथऱ्यावर चैत्रोत्सवात देवदासी करीत असत, आणि ही प्रथा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत चालली. मेलट्टूरचे वेंकटराम शास्त्री हे त्यागराजांचे समकालीन, म्हणजे सरफोजीच्याच काळातले. मेळ्यात आज होणारी प्रमुख नाटके त्यांची आहेत. तात्पर्य, गँगेत रंगविली गेली त्याच शतकाच्या पूर्वार्धात तंजावरच्या टापूत उघड्या आकाशाखाली नृत्य भरास आलेले होते, आणि त्याच काळी, त्याच शहरात, चित्रकारांच्या पेढ्याही भरात होत्या.

या पेढ्यांचे गिऱ्हाईक कोण, ते पाहिले म्हणजे पुढचे कोडे सुटते. तंजावरच्या चित्रकारांना कंपनीच्या कागदपत्रांत ‘मूची’ म्हटले आहे. महाराष्ट्रातील जिनगरांप्रमाणेच चामडे, रंग आणि सोनेरी वर्ख ही त्यांची कामे. देवदेवतांच्या सोनेरी पटांबरोबर अठराव्या शतकाच्या अखेरीपासून त्यांनी युरोपीय अधिकाऱ्यांसाठी संच काढण्यास आरंभ केला. विलायती कागद, जलरंग, प्रत्येक पानावर एका जातीचे वा धंद्याचे जोडपे: कोष्टी आणि त्याची बायको, ताडी काढणारा आणि त्याची बायको, शिपाई, भिक्षुक, गारुडी. त्यातच नर्तकी. मागे नट्टुवनार झांज धरून, मृदंगवाला मृदंग कमरेला बांधून, एखादा वादक तित्तीची पखाल फुगवून उभा. पायांखाली हिरवट जमिनीची पट्टी, मागे निळसर कोरे आकाश. याखेरीज काही नाही. देऊळ नाही, रस्ता नाही, मांडव नाही, दिवा नाही, रात्र नाही आणि पाहणारा एकही मनुष्य नाही.

चित्रकाराला जागा काढता येत नव्हती, असे म्हणण्याची सोय नाही. तिरुवारूरच्या त्यागराजस्वामींच्या देवळातील देवाश्रय मंडपाच्या छतावर, सतराव्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास, मुचुकुंदाची कथा रंगविली आहे. त्या पट्ट्यांत देवाची पालखी निघते, वाद्ये वाजतात, नर्तकी रस्त्यात नाचतात, शोभेची दारू उडते आणि चहूकडे माणसेच माणसे दिसतात. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी, पन्नास-साठ किलोमीटरच्या आत, त्याच प्रांतातल्या कुंचल्याला नृत्य आणि गर्दी एकत्र रंगविणे साधत होते. मग ते का सुटले? उत्तर कौशल्यात नाही, मागणीत आहे. संच विकत घेणाऱ्याला नमुना हवा होता. वनस्पतीच्या संग्रहात झाडाची फांदी कागदावर दाबून लावतात, तिच्याबरोबर अरण्य येत नाही. नर्तकी हा एका जातीचा नमुना ठरल्यावर तिच्या भोवतालची रात्र हा व्यत्यय झाला. ही दृष्टी इतकी बळावली की, कंपनी संपल्यावरही ती टिकली. १९२० मध्ये ऑटो रोथफील्ड याने ‘विमेन ऑफ इंडिया’ हे पुस्तक प्रसिद्ध केले, तेव्हा जातीजातींच्या स्त्रियांची त्यातील रंगीत चित्रे काढणारा हात म. वि. धुरंधर यांचा होता. गर्दी, मिरवणूक, समारंभ हे धुरंधरांच्या हातखंड्याचे विषय. पण पुस्तकाची मागणी नमुन्याची होती.

आणि मेलट्टूर? त्या मेळ्यातील पुरुष सत्यभामा आणि उषा होऊन नाचत. त्यांना कोणत्या पानावर बसवावयाचे? ते दिवसा शास्त्री, शेतीचे मालक; रात्री नट. जातीच्या संचात ब्राह्मणाचे पान पूजा करणाऱ्याचे, नर्तकीचे पान देवदासीचे. ज्याची ओळख एका रात्रीपुरती बदलते, त्याला नमुन्यांच्या संग्रहात खण नसतो. परिणामी मेळ्याची ओळख आपल्याला गावकऱ्यांच्या स्मृतीतून, पोथ्यांतून आणि विसाव्या शतकात ई. कृष्ण अय्यर यांच्यासारख्या जाणकारांनी लोकांचे लक्ष तिकडे वेधल्यानंतरच्या लेखनातून होते. चित्रसंचांतून ती होत नाही.

या दोन दृष्टींची, गर्दीसह पाहणारी आणि गर्दी पुसून पाहणारी, अगदी समोरासमोर गाठ पडण्याचा एक प्रसंग इतिहासात घडलेला आहे, आणि तो पॅरिसमध्येच घडला. १८३८ साली तार्दिव्हेल नावाच्या एका फ्रेंच व्यापाऱ्याने कडलूरजवळील तिरुवंदिपुरम् येथील देवदासींचा व वादकांचा एक ताफा करार करून फ्रान्सला नेला. तेथील देवळाच्या या नर्तकी तंजावरच्या दरबारच्या नव्हेत, पण त्यांचे नृत्य त्याच परंपरेचे. राजा लुई फिलिप याच्यासमोर त्यांचे नृत्य झाले, आणि ऑगस्टमध्ये व्हारिएते नाट्यगृहात त्यांचे जाहीर प्रयोग सुरू झाले. तेथून ताफा लंडनच्या अ‍ॅडेल्फी नाट्यगृहात गेला. पॅरिसला त्यांची प्रतीक्षाच होती. ‘बायादेर’ हा शब्द युरोपात रुळून गेला होता. पोर्तुगीजांनी आपल्या ‘बायलादैरा’ या शब्दाने ज्यांना ओळखले, त्या गोव्याच्या आणि मलबारच्या कलावंतिणी फ्रेंच भाषेत पोहोचेपर्यंत अप्सरा झाल्या होत्या. गटेने १७९७ मध्ये बायादेरवर कथाकाव्य लिहिले. त्यावरून १८३० मध्ये पॅरिसला ओबेरची संगीतिका झाली, तिच्यात मारी ताल्योनी नाचली. म्हणजे खरी देवदासी पोहोचण्यापूर्वी तिची नक्कल पॅरिसच्या रंगभूमीवर आठ वर्षे स्थिरावलेली होती.

तेओफिल गोतिए या कवीने या नर्तकींवर वृत्तपत्रात विस्तृत लेख लिहिला. तो त्यांना त्यांच्या बिऱ्हाडी जाऊन भेटला होता. ते बिऱ्हाड ‘आले दे व्हव्ह’ म्हणजे विधवांचा रस्ता या नावाच्या, शाँझेलिझेजवळच्या झाडीच्या रस्त्यावर होते. आणि याच रस्त्यावर १८३१ पासून माबीय नावाच्या नृत्यशिक्षकाचे उघडे नृत्यउद्यान चालू होते. पुढे १८४४ मध्ये त्याच्या मुलांनी तेथे वायूचे दिवे लावले आणि ‘बाल माबीय’ हे साऱ्या युरोपात गाजले. म्हणजे तामिळ प्रांतातील देवळाच्या अंगणात नाचणाऱ्या पाच स्त्रिया पॅरिसमधील उघड्या नृत्यांगणाच्या शेजारी राहत होत्या, आणि त्यांचे स्वतःचे नृत्य मात्र शहरातल्या एका बंद नाट्यगृहात, फ्रेंच प्रहसनांच्या जोडीला, मेणबत्त्यांच्या आणि दिव्यांच्या उजेडात तिकीट लावून होत होते. या सान्निध्याचे कोणी चित्र काढले नाही. गोतिएने त्यांच्या कांतीला फ्लोरेन्सच्या ब्राँझची उपमा दिली, आणि झाँ-ओग्युस्त बार या शिल्पकाराने त्यांच्यातील प्रमुख नर्तकी अमनी हिची त्याच वर्षी छोटी ब्राँझमूर्ती केली. मूर्ती सुरेख आहे. भंगी अचूक पकडली आहे. परंतु ती एकाकी आहे. तंजावरच्या मूचीने कोऱ्या कागदावर जे केले, तेच पॅरिसच्या शिल्पकाराने चौथऱ्यावर केले.

येथे एक आक्षेप संभवतो. मूर्तीला पार्श्वभूमी कुठली, आणि १८३८ मध्ये रन्वार जन्मालाही आला नव्हता, मग त्याच्या दृष्टीची अपेक्षा बारकडून कशी करावी? आक्षेप अर्धा खरा आहे. परंतु गँगेतची गर्दी रेखाटणारे शिळाछापकार रन्वारच्या आधीही पॅरिसमध्ये होते. वेशीबाहेरचा रविवार हा त्यांचा आवडता विषय होता. स्वतःच्या नृत्याकडे पाहताना जो समाज गर्दी पाहत होता, तोच परक्याच्या नृत्याकडे पाहताना एक देह पाहत होता. हा भेद काळाचा नाही, नात्याचा आहे. गँगेतमध्ये चित्रकार स्वतः नाचू शकत होता. अमनीसमोर तो केवळ प्रेक्षक होता.

चित्रसंचांनी केलेले काम मात्र सर्वस्वी टाकाऊ नाही, हेही नमूद केले पाहिजे. नट्टुवनार आणि वादक नर्तकीच्या पाठीमागे उभे राहत व तिच्याबरोबर पुढे-मागे सरकत, ही गोष्ट त्या पानांवर स्पष्ट दिसते. १९३० नंतरच्या दशकात सदिर नृत्याला ‘भरतनाट्यम्’ हे नाव रूढ झाले, ते मद्रासच्या सभागृहांत आले, आणि वादक रंगमंचाच्या एका बाजूला बसू लागले. १९४७ च्या मद्रास कायद्याने देवदासींचे समर्पण बंद झाले. त्या प्रथेतील अन्याय पाहता ते योग्यच होते, परंतु देवळाच्या प्रांगणातील नृत्यही त्याबरोबर थांबले. नव्या रंगमंचावर उरली ती एकटी नर्तकी आणि तिच्यामागचा मोकळा, एकरंगी पडदा. कंपनीच्या काळातील एखादे पान आणि आजच्या सभागृहातील रंगमंच शेजारी ठेवून पाहावे. दोहोंची रचना चकित करण्याइतकी सारखी आहे. एकाने दुसऱ्याची नक्कल केली, असे मानण्यास आधार नाही. परंतु ज्या डोळ्यांना शंभर वर्षे नृत्य हे कोऱ्या पार्श्वभूमीवरच पाहण्याची सवय झाली, त्यांना तो पडदा खटकला नाही, एवढे म्हणता येईल. आणि मग ‘हे नृत्य मूळचेच एकलनृत्य होय’ असे जे सर्रास लिहिले जाते, त्याला पुरावा म्हणून पुन्हा तीच पाने दाखविली जातात. हे वर्तुळ तोडल्याशिवाय सरफोजीच्या निरूपणांचा अर्थ लागत नाही. अठरा अंगांचे एक कथासूत्र रात्रीच्या विस्ताराची, बसलेल्या श्रोत्यांची, सावकाश उलगडणाऱ्या आख्यानाची अपेक्षा करते. त्याला आजच्या प्रयोगातील सुट्या रचनांचे पूर्वरूप म्हणून वाचणे म्हणजे कीर्तनातील अभंग वेगळे काढून त्यांना भावगीत म्हणण्यासारखे आहे. कीर्तनाची उपमा येथे दूरची नाही. मेरुस्वामी व रामचंद्रबावा मोरगावकर यांच्यासारख्यांनी तंजावरला नेलेल्या मराठी कीर्तनातून कृष्ण भागवतर (१८४१–१९०३) यांनी तामिळ हरिकथा घडविली. साकी, दिंडी, ओवी, अभंग ही नावे तेथील हरिकथेत तशीच राहिली.

चित्रांनी जे गाळले, ते कोठे शोधावे? मेलट्टूरपुरते उत्तर सोपे आहे. मेळा अद्याप चालतो. इनामांचा आधार गेला, घराणी मद्रासला, मुंबईला, दिल्लीला नोकरीसाठी पांगली. तरी उत्सवाला मंडळी गावी परततात आणि वडिलांनी केलेली भूमिका मुलगा करतो. आता विजेचे दिवे आहेत, ध्वनिवर्धक आहे, परगावचे रसिक आणि अभ्यासक टिपणे घेत बसलेले असतात. जागा मात्र तीच, देवळासमोरचा रस्ता.

तंजावरच्या दरबारापुरते उत्तर थोडे कष्टाचे आहे, आणि ते मराठी अभ्यासकांच्या वाट्याचे आहे. राजवाड्याच्या कारभाराची मोडी दप्तरे मोठ्या संख्येने शिल्लक आहेत. तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने १९८९ मध्ये त्यांतील निवडक कागदांचे तामिळ भाषांतर खंडरूपाने प्रसिद्ध केले. नर्तकींचे व वादकांचे पगार, बिदागी, वस्त्रे, उत्सवांचा खर्च अशा नोंदी त्यांत येतात. भाषा मराठी, लिपी मोडी, आणि ती वाचण्यासाठी आज तामिळ भाषांतराचा आधार घ्यावा लागतो, ही स्थिती चमत्कारिक असली तरी खरी आहे. कारकुनाला नमुना नको होता, त्याला हिशेब हवा होता. म्हणून नाचणारीबरोबर वाजविणारा, वस्त्र आणि दिवस हे सारे त्याच्या ओळीत येते. सरस्वतीमहालातील निरूपणांच्या पोथ्या या नोंदींशेजारी ठेवून वाचल्या, तर कोणते पद कोणत्या उत्सवात, किती जणींनी, कोणत्या साथीने गाइले, याचा माग काही ठिकाणी तरी लागू शकेल.